बीपी-शुगरच्या गोळ्या वेळेवर मिळतात, विचारपूसही व्हायला हवी : कोरेगाव तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि त्याच्या अखत्यारीतील उपकेंद्रात उच्च रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना जी सेवा मिळते, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. माझी आत्या सत्तरी ओलांडलेली असून गावात एकटीच राहते. तिला बीपी आहे, शुगर आहे आणि गुडघेही दुखतात. गेली काही वर्षे तिचे उपचार याच केंद्रातून चालू आहेत. मी साताऱ्यात राहत असल्यामुळे प्रत्येक वेळी तिच्यासोबत जाणे मला जमत नाही, पण पुष्कळदा गेले आहे आणि रांगेत बसून तिथले काम नीट पाहिले आहे. पुढे काही उणिवा मांडायच्या आहेत आणि त्यांचा ठपका मनापासून राबणाऱ्या चार कर्मचाऱ्यांवर येऊ नये, म्हणून केंद्राचे नाव देत नाही. माझे मत आधीच सांगते. ज्यांच्या घरी बीपी-शुगरचा रुग्ण आहे आणि जे खासगी दवाखान्यात पैसे मोजून कधी गोळ्या घेतात, कधी बंद करतात, त्यांनी या सेवेकडे जरूर वळावे. रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचे काम ही सेवा चोख करते. रुग्णाचे एकंदर कसे चालले आहे हे विचारणे मात्र तिथल्या नेमून दिलेल्या कामात अजून बसलेले नाही, आणि ते बसावे असे मला फार कळकळीने वाटते.

आधी मोजमापाविषयी लिहिते, कारण इथला काटेकोरपणा मला सर्वांत जास्त भावला. आत्या गावातून चालत येते आणि आल्या आल्या हात पुढे करते. तिथल्या सिस्टर तो हात हळूच खाली ठेवतात आणि म्हणतात, “आज्जी, आधी जरा टेका. चालून आलाय न्हवं, लगेच मशीन लावलं तर जास्तीच दावतंय.” मग पाच मिनिटे निवांत बसवून, पाठ खुर्चीला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर छातीच्या पातळीला अशी बैठक जमली की मगच पट्टा बांधला जातो, आणि तोही ब्लाउजची बाही वर सरकवून उघड्या दंडावर. मोजणी चालू असताना कोणी काही विचारले तर सिस्टर बोटानेच थांबायला सांगतात. आकडा जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजतात आणि मगच कार्डावर लिहितात. यापूर्वी आत्या ज्या खासगी दवाखान्यात जात असे, तिथे लुगड्याच्या पदरावरूनच पट्टा गुंडाळला जाई आणि तेवढ्यात तिच्याशी गप्पाही चालत. अशा घाईत मोजलेला आकडा सहज दहा-वीसने चुकू शकतो आणि त्या चुकीच्या आकड्यावर गोळी वाढते किंवा कमी होते. म्हणून ही पाच मिनिटे मला औषधाइतकीच मोलाची वाटतात.

या शिस्तीमागे सातारा जिल्ह्याचा स्वतःचा एक इतिहास आहे आणि तो जिल्ह्यातल्याच फार थोड्या लोकांना माहीत आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतील २५ जिल्हे घेतले होते. महाराष्ट्रातून त्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि आपला सातारा होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून आखलेल्या या उपक्रमाचे सूत्र साधे होते. कोणत्या आकड्याला कोणती गोळी किती मात्रेत द्यायची हे राज्यभर एकच ठरवायचे, त्याच मोजक्या गोळ्यांचा साठा अखंड ठेवायचा, डॉक्टरांवरचा मोजणी-नोंदणीचा भार सिस्टर, आरोग्य सेवक आणि आशा यांच्यात वाटून द्यायचा, गोळ्या घराजवळ मिळतील असे पाहायचे, आणि कोण आले, कोण आले नाही याची नोंद ठेवायची. आत्याच्या कार्डावरचा चौकोनी क्यूआर कोड त्यासाठीच आहे. सिस्टर तो मोबाइलवर धरतात आणि मागच्या सगळ्या वेळचे आकडे समोर येतात.

हे कितपत उपयोगी पडले याचा अभ्यासही झाला आहे. जानेवारी २०१८ ते जून २०१९ या काळात चार राज्यांतील २४ केंद्रांत नोंदवलेल्या सुमारे २२ हजार रुग्णांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी जे पुन्हा तपासणीला आले, त्यांच्यात नोंदणीच्या वेळी सुमारे २६ टक्के लोकांचा रक्तदाब आटोक्यात होता आणि पुढच्या तपासणीत हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. विशेष म्हणजे ही सुधारणा मोठ्या रुग्णालयांपेक्षा प्राथमिक केंद्रांत दुपटीहून अधिक होती. तिथे वाढ सुमारे ४८ टक्के अंकांची, तर वरच्या स्तरावरच्या रुग्णालयांत सुमारे २३ अंकांची. ‘सरकारी दवाखाना, तोही खेड्यातला, तिथे काय होणार’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आकडे ऐकवते. त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ठरलेल्या तिमाहीत तपासणीला परत आलेले रुग्ण जेमतेम निम्मे होते. जे आले त्यांचे भले झाले. उरलेले का आले नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मोबाइलच्या पडद्यावर मिळत नाही, ते गावात जाऊनच शोधावे लागते.

खर्चाविषयी फार लिहायचे कारण नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील तपासण्या व उपचार विनामूल्य झाले आहेत आणि आत्याच्या गोळ्यांना तेव्हापासून पैसा लागलेला नाही.

पण पैसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही असे नव्हे. गोळ्या साधारण महिन्याच्या मिळतात, त्यामुळे दर महिन्याला एक फेरी ठरलेली. उपकेंद्र गावालगत असल्यामुळे आत्याचे भागते, पण वाडीवरच्या बायकांना त्या एका सकाळसाठी खुरपणीचा रोज बुडवावा लागतो. घेवड्याच्या काढणीच्या दिवसांत रांग अर्धी होते आणि कार्डांवर गाळलेले महिने दिसू लागतात. कार्ल मे, व्हिक्टर मॉन्टोरी आणि फ्रान्सेस मेअर या अभ्यासकांनी २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमके हेच मांडले होते. दीर्घ आजाराच्या रुग्णावर आजाराचे ओझे असते आणि त्यावर उपचारांचेही ओझे चढते. फेऱ्या, रांगा, पथ्ये, गोळ्यांचे वेळापत्रक हे सगळे मिळून एक पूर्ण कामच होऊन बसते, आणि ते झेपेनासे झाले की माणूस उपचार सोडतो. अशा रुग्णाला बेफिकीर ठरवण्याआधी आपण त्याच्यावर किती काम लादले आहे हे वैद्यकाने मोजावे, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांचा रक्तदाब सलग काही महिने स्थिर आहे त्यांना काढणीच्या हंगामात दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, इतका साधा बदल आमच्या केंद्राने केला तरी कितीतरी कार्डांवरचे गाळलेले रकाने भरतील.

गोळ्यांच्या पुरवठ्यात एक अडचण वारंवार येते. औषध तेच, मात्रा तीच, पण कंपनी बदलली की पाकीट बदलते आणि गोळीचा रंग व आकारही बदलतो. आत्याला अक्षरे वाचता येतात, पण इंग्रजी नाही, आणि ती गोळी ओळखते ती डोळ्यांनीच. एकदा पाकीट बदलल्यावर नवी गोळी म्हणजे वाढवलेली गोळी असे समजून तिने जुन्या उरलेल्या गोळ्याही सोबत चालू ठेवल्या. चक्कर येऊन ती ओसरीवर बसली, तेव्हा शेजारच्या वहिनींनी आशाताईंना बोलावले आणि सगळा उलगडा झाला. पुढच्या वेळी मी ही गोष्ट केंद्रात सांगितली, तेव्हा औषध देणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि आता ते पाकिटावर पेनने ‘बीपी, सकाळी १’ असे मराठीत लिहून देतात. ही पद्धत सगळीकडे असायला हवी.

आता ज्या प्रसंगामुळे हा अभिप्राय लिहावासा वाटला, त्याकडे येते. आतोबा गेल्यानंतर काही महिन्यांनी आत्याचा रक्तदाब एकदम वाढला. कार्डावर ओळीने १४० च्या आत असलेले आकडे १६० च्या पुढे गेले. केंद्रात ठरलेल्या पद्धतीप्रमाणे दुसरी गोळी जोडायचे ठरले, आणि आकडा पाहता तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. ती गोळी उपकेंद्रातून घ्यायची होती. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी कार्ड पाहिले, ते बाजूला ठेवले आणि विचारले, “काकी, जेवण-बिवण करता का वेळेवर?” आत्या म्हणाली, “एकटीसाठी कुठं चूल पेटवायची, बाई? सकाळचं शिळंपाकं आसतंय, न्हाईतर च्या पिऊन ऱ्हाती.” मॅडमनी पुढे विचारले, “मग गोळी कधी घेता?” त्यावर आत्याने अगदी सरळ उत्तर दिले, “जेवल्यावर घ्या म्हनून सांगितलंय. जेवन न्हाई तर गोळी कशी घ्यायची?”

ती गोळ्या टाळत नव्हती. तिने सूचना अक्षरशः पाळली होती. जेवण नाही त्या दिवशी गोळी नाही, आणि असे दिवस आठवड्यात बरेच होते. मॅडमनी शुगरची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, पण बीपीची गोळी सकाळी चहानंतरही चालते हे तिला दोनदा समजावले, तिच्या तोंडून ते वदवून घेतले, नवी गोळी तूर्त थांबवण्याविषयी केंद्राच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या आणि आशाताईंना सांगितले की काही दिवस सकाळी जाता-येता काकींकडे डोकावत जा. पुढच्या महिन्यात आकडा खाली आला होता. आत्याची झोप अजून पुरती परत आलेली नाही. पण ती दुपारी शेजारी शेंगा फोडायला जाऊन बसते आणि तिथेच दोन घास खाते.

त्या मॅडमनी हे विचारले, कारण त्यांचा स्वभाव तसा आहे. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर कार्डात विचारायला भाग पाडणारी एकही जागा नव्हती. कार्डावर रक्तदाबाचा रकाना आहे, साखरेचा आहे, औषधाचा आहे, पुढच्या तारखेचा आहे. झोप, भूक, मन, सोबत यांच्यासाठी एक ओळही नाही. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून उपकेंद्रांकडून ज्या १२ प्रकारच्या सेवा अपेक्षित आहेत, त्यांत मानसिक आरोग्याची सेवा आणि वृद्धांची काळजी दोन्ही आहेत. तरीही बीपी-शुगरच्या रांगेतल्या माणसाला त्या सेवा त्याच रांगेत मिळत नाहीत. मन वेगळ्या खिडकीवर न्यायचे आणि साखर वेगळ्या, अशी ती रचना आहे, आणि मनाच्या खिडकीवर आत्यासारखी बाई आपण होऊन कधीही जाणार नाही.

या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तर फरक पडतो का, हे आपल्या देशातच तपासले गेले आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळूरु आणि विशाखापट्टणम येथील चार मधुमेह दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये अमेरिकेच्या जामा या नियतकालिकात आले. हे सगळे मधुमेहाचे रुग्ण नैराश्यानेही ग्रासलेले होते. त्यांतल्या निम्म्यांसाठी डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समन्वयक नेमले होते. ते नियमित विचारपूस करत, मनाची आणि साखरेची दोन्ही नोंद ठेवत आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने पुढचे पाऊल ठरवत. दोन वर्षांनंतर नैराश्य किमान निम्म्याने कमी होऊन सोबत साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी सुधारलेले रुग्ण या गटात स्पष्टपणे जास्त निघाले. हे दवाखाने शहरातले होते हे खरे. पण समन्वयकाचे जे काम तिथे होते, ते आमच्या उपकेंद्रातल्या मॅडम आणि आशाताई मिळून करू शकतात. आत्याच्या बाबतीत त्यांनी ते केलेच.

अपेक्षा मात्र वाजवी ठेवायला हवी. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील ३३ दवाखान्यांत, तीन किंवा अधिक दीर्घ आजार असलेल्या १,५४६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिथे दर सहा महिन्यांनी रुग्णाची एकत्रित तपासणी होई, आणि त्याला स्वतःला कशाचा त्रास सर्वांत जास्त वाटतो, औषधे किती झेपतात, मन कसे आहे हे विचारले जाई. रुग्णांच्या जीवनमानाच्या मोजमापात त्यामुळे फरक दिसला नाही. आपली काळजी नीट घेतली जाते, आपले म्हणणे ऐकले जाते, हा अनुभव मात्र निश्चित सुधारला. काही जण या निकालाकडे अपयश म्हणून पाहतात. मला तसे वाटत नाही. ज्या माणसाला उरलेले सगळे आयुष्य दर महिन्याला त्याच दारात जायचे आहे, त्याला त्या दारात ऐकून घेतले जाणे हे स्वतःच एक फळ आहे, आणि तिमाहीत परत न येणाऱ्या निम्म्या रुग्णांचा विचार करता ते फळ लहान नाही.

त्यासाठी लांबलचक प्रश्नावलीही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ पासून वापरात असलेल्या पाच प्रश्नांच्या मोजपट्टीत गेल्या दोन आठवड्यांविषयी एवढेच विचारतात : मन प्रसन्न होते का, निवांत वाटले का, अंगात हुशारी होती का, सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटले का, आणि रोजच्या दिवसात मन रमेल असे काही होते का. उत्तरांना शून्य ते पाच गुण असतात, बेरीज चारने गुणतात, आणि ती शंभरपैकी पन्नास किंवा कमी आली तर पुढे नीट चौकशी करायची. रक्तदाब मोजण्याआधीच्या पाच मिनिटांच्या विश्रांतीत गप्प बसावे लागते. पण मोजून झाल्यावर कार्ड लिहिताना हे पाच प्रश्न वर्षातून दोनदा विचारायला कोणाचीही आडकाठी नसावी. रुग्ण फार खचलेला आढळला तर १४४१६ या क्रमांकावरची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे आणि उपकेंद्रातूनच तो फोन लावून देता येईल.

वेल्समधील ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी गावातल्या सगळ्यांचा रक्तदाब मोजण्याचा घाट घातला होता, आणि १९७१ मध्ये त्यांनी लॅन्सेटमध्ये एक नियम मांडला. चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त हवी असते, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. कोरेगाव सोडून खटाव-माण या दुष्काळी तालुक्यांच्या बाजूला जावे तसा हा नियम मला जास्तच पटत जातो. आमच्या केंद्राने मोजण्याच्या बाबतीत तो नियम बऱ्याच अंशी खोटा ठरवला आहे. विचारपुशीच्या बाबतीत अजून ठरवायचा आहे.

राहिलेल्या उणिवा थोडक्यात. मधुमेहाच्या रुग्णांचे तळपाय तपासले जात नाहीत. अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसांच्या बाबतीत ही मोठी चूक आहे. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीसाठी बाहेर पाठवतात, पण ती झाली की नाही हे कोणी विचारत नाही. मीठ कमी खा असे सांगतात, पण खर्डा, लोणचे आणि पापड यांची नावे घेऊन सांगत नाहीत, त्यामुळे आत्या भाजीत मीठ कमी घालते आणि भाकरीवर खर्डा घेते. मशेरीविषयी आशाताई आपल्या अर्जात लिहून घेतात, पण ती सोडायची कशी हे सांगायला कोणी नाही. गुडघेदुखीसाठी गावातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडालाही त्रास होऊ शकतो, तरी बाहेरून आणखी काय घेता हा प्रश्न मी स्वतः काढला तेव्हाच निघाला.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आधार कार्ड, आधीचे कागद आणि घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, सोबत न्यावीत. साखरेच्या तपासणीसाठी उपाशी यायचे की खाऊन, हे आदल्या दिवशी आशाताईंना विचारून घ्यावे. सकाळी लवकर गेल्यास रांग लहान असते आणि सिस्टरना बोलायला सवड असते. घरातल्या एकाने तरी सोबत जावे आणि आकडा लिहून झाला की झोप, भूक, पाय आणि मन यांविषयी आपण होऊन सांगावे. आमच्या केंद्रात ते सांगितल्यावर कोणी हिडीसफिडीस केलेले मी पाहिलेले नाही. उलट, सिस्टर खुर्ची पुढे ओढून ऐकतात.